पानं, रफ वह्या आणि शेजारची टेबलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत कार्यशाळा असो, प्रदर्शनातलं टेबल असो की ठाणे लोकलमधली सीट, वही उघडी दिसली की साधारण हेच प्रश्न येतात. काही गंभीर, काही गमतीचे. उत्तरं जमतील तशी दिली आहेत. काही लांबली आहेत, कारण त्या विषयावर मला थांबता येत नाही.

तुम्ही कार्टून काढता ना?

नाही. व्यंगचित्र हा वेगळा आणि माझ्या मते जास्त अवघड प्रकार. शि. द. फडणीस यांचं कुठलंही चित्र बघा. एकच चौकट, शब्द एकही नाही, आणि हसू हमखास. मला ते जमत नाही. मला पाचसहा चौकटी लागतात. मी काढते ती चित्रकथा, म्हणजे कॉमिक. एका चौकटीत हात दाराच्या कडीवर असतो आणि पुढच्या चौकटीत खोली रिकामी असते. मधे काय झालं ते मी काढतच नाही, वाचणारा ते मनात घडवतो. दोन चौकटींमधली ती पांढरी फट कुठे ठेवायची, हे ठरवणं म्हणजे माझं अर्धं काम.

स्टुडिओत कोण कोण असतं?

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक भागात आम्ही चौघांनी एक गाळा भाड्यानं घेतला आहे. ही कंपनी नाही, ज्याचं त्याचं काम वेगळं. माझ्यासमोर रंगवाला बसतो. तो पुस्तकांची चित्रं रंगवतो, माझी पानंही तोच रंगवतो. खिडकीजवळ एक मैत्रीण आहे, ती जाहिराती आणि अॅनिमेशनसाठी स्टोरीबोर्ड करते, म्हणजे प्रसंग आधी चौकटीचौकटीनं कागदावर मांडून देते. आणि दाराजवळ काका. त्यांनी हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम आटलं, तेव्हापासून ते पुस्तकांची शीर्षकं आणि माझ्या कॉमिकची अक्षरं करतात. शेजारच्या गाळ्यात लेथ चालतात. शुक्रवारी ते बंद असतात, त्यामुळे बारीक शाईकाम मी शुक्रवारवर ढकलते.

एक पान कसं घडतं, सुरुवातीपासून सांगाल?

आधी गोष्ट लिहून काढते, साध्या बाँड पेपरवर, संवादांसकट. मग टिकल्या. म्हणजे काडेपेटीएवढ्या आकारात अख्ख्या पानाची मांडणी. माणूस म्हणजे एक गोल आणि एक रेघ, त्याहून जास्त काही नाही. एकाच पानाच्या दोनतीन तरी टिकल्या करते आणि त्यातली पहिली सहसा टाकून देते. पहिली मांडणी बहुतेकदा आधी कुठेतरी पाहिलेली असते.

पान उलटणं कुठे येतं, हेही टिकल्यांतच ठरतं. मराठी पुस्तकात विषम आकड्याचं पान उजवीकडे येतं आणि ते वाचून झालं की कागद उलटतो. म्हणून उत्सुकता उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत ठेवायची आणि धक्का उलटल्यावर डाव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात. धक्का समोरासमोरच्या पानावर आला तर वाचकाची नजर आधीच तिकडे गेलेली असते. सगळी मेहनत वाया.

त्यानंतरची पायरी नवखे लोक हमखास गाळतात. माणसं काढायच्या आधी संवादांचे फुगे बसवायचे. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो. समजा, दारात आत्या उभी आहे आणि भाचा सांगतोय की नोकरी सोडली. "आत ये आधी, चपला काढ," हे आत्या पहिल्यांदा बोलते. म्हणजे तिचा फुगा डावीकडे वर हवा, म्हणजे आत्याही डावीकडेच हवी, म्हणजे दार उजवीकडे उघडायला हवं. एका वाक्यानं अख्ख्या घराचा नकाशा ठरतो. आधी सुंदर चित्र काढून मग फुगे कोंबले, की शेपट्या एकमेकींवरून जातात आणि कोण काय म्हणालं ते कळत नाही.

मग जाड कागदावर फिकट निळ्या पेन्सिलीनं रेखाटन, त्यावर शाई, मग स्कॅन. रेघांचं काम ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन करते. रंगाला ३०० पुरतं, पण रेघेला ३०० वर दाते दिसतात. पुढे रंग आणि अक्षरं. अक्षरं आणि रेघा छपाईत फक्त काळ्या शाईत ठेवायच्या. चारही रंग मिसळून काळा केला आणि प्लेट केसभर सरकली, तर प्रत्येक अक्षराला गुलाबी-निळी किनार येते.

पेन्सिल निळीच का?

जुन्या काळी पानाचा कॅमेऱ्यानं फोटो काढून प्लेट करत. त्या फिल्मला फिकट निळा आणि पांढरा यांतला फरक कळत नसे, त्यामुळे खालची पेन्सिल खोडायची गरज पडत नसे. आता स्कॅनर असल्यामुळे निळा रंग संगणकावर एका झटक्यात वेगळा काढता येतो. कारण बदललं, पेन्सिल तीच राहिली. शिवाय कमी खोडलं की कागदाचा पोत टिकतो.

रफ वहीत काय असतं? दाखवता का?

दाखवते, पण बघणाऱ्यांची निराशा होते. देखणी चित्रं त्यात फारशी नसतात. कोपर कसं दुमडतं, भाजीवाली पैसे मोजताना मान कुठे कलते, पिशवीच्या वजनानं खांदा किती उतरतो, असलं सगळं. जांभळी नाक्याच्या बाजारात सकाळी उभं राहिलं की अर्ध्या तासात वहीची तीनचार पानं सहज भरतात. संध्याकाळी तलावपाळीला बसलेली माणसं मिळतात. तिथल्या मासुंदा तलावाच्या कठड्यावर कोण कसं बसतं त्यावरून वय, घाई आणि कोणाबरोबर आलंय ते जवळजवळ कळतं.

सर्वांत जास्त पानं भरली आहेत ती लोकलमधल्या चौथ्या सीटनं. तिघांच्या बाकावर चौथी बाई "जरा सरका ना" म्हणून बसते, तेव्हा तिचं अर्धंच अंग बाकावर असतं. बाहेरचा पाय पॅसेजमध्ये रोवलेला, गुडघा ताठ, टाच किंचित उचललेली. वजन बाकावर नसतंच, ते त्या एका पायावर असतं. पर्स मांडीवर नाही, पोटाशी. गाडीनं वळण घेतलं की तिची पाठ आधी हलते आणि मग बाक धरलेला हात. खिडकीजवळची मात्र सगळं वजन टाकून सैल बसलेली असते. दोघींचे चेहरे कोरे ठेवले तरी कोण आधी चढली आणि कोण मागाहून, ते नुसत्या बसण्यावरून ओळखू येतं. पात्राचा स्वभाव मी आधी चेहऱ्यात शोधायचे. आता तो कमरेत आणि पायांत शोधते.

लोक हरकत घेत नाहीत?

क्वचित. बऱ्याचदा "माझं नाक एवढं मोठंय का?" एवढंच विचारतात. कोणी नको म्हटलं तर वही मिटते. लहान मुलांचे ओळखू येतील असे चेहरे काढत नाही.

प्रेरणा कुठून मिळते?

मोठी नावं हवी असतील तर देते. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या अमर चित्र कथेतली राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांची पानं मी अजूनही उघडून बघते. वाईरकरांची गर्दी बघा, त्यात प्रत्येक माणूस काहीतरी करत असतो. दिवाळी अंकांतले दीनानाथ दलाल बघा, चारदोन रंगांत केवढा उजेड पडतो.

त्याच्याही मागे जायचं तर सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीला. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा म्हणजे सुट्या चित्रांची एक चळत, तिला ते पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्यांच्या साथीनं गात गोष्ट सांगायची. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढचं चित्र कधी दाखवायचं हे तिथे सांगणाऱ्याच्या हातात असतं, छापील पानात ते माझ्या हातून सुटतं. म्हणून मला चौकटींची रुंदी वापरावी लागते. अरुंद चौकट नजर लवकर ओलांडते, रुंद चौकटीत ती रेंगाळते. वारली चित्रांकडूनही असंच काही घेण्यासारखं आहे. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा होईपर्यंत ती आपल्या ठाणे जिल्ह्यातलीच कला म्हणायची. जिव्या सोमा म्हसे यांच्या एका कागदावर पेरणी, लग्न आणि तारपा नाच एकाच वेळी चालू असतात. चौकटी नसूनही वाट चुकत नाही, कारण आकृत्यांच्या रांगाच नजरेला ओढत नेतात.

पण खरं विचाराल तर रोजची प्रेरणा दोन फुटांवरच्या टेबलावरून येते. मोठ्या माणसांची पूर्ण झालेली पानंच आपल्यापर्यंत पोचतात. शेजारच्याचं काम अर्धवट असताना दिसतं. तो कुठे अडला, काय खोडलं, कुठे कंटाळा करून मोकळा झाला, हे सगळं डोळ्यांसमोर घडतं.

मग शेजारच्यांकडून नेमकं काय घेतलंत?

स्टोरीबोर्डवाल्या मैत्रिणीकडून वेग घेतला. तिच्याकडे सकाळी काम येतं आणि संध्याकाळपर्यंत चाळीसेक चौकटी द्यायच्या असतात. ती चेहरा काढतच नाही. आधी नजरेची दिशा, मग जमिनीची रेघ, मग माणूस. कॅमेरा कुठे ठेवलाय हे जमिनीच्या रेघेवरून कळतं, हे मी तिच्या खांद्यावरून बघत शिकले. माझ्या टिकल्यांत आता पहिली रेघ क्षितिजाचीच असते.

रंगवाल्यानं मला शाई कमी करायला लावली. त्याचं म्हणणं सरळ होतं: "सावली तूच भरून टाकलीस तर मी काय करू, ताई?" रात्रीचा प्रसंग मी काळ्यानं भरून द्यायचे. त्यानं एकदा त्याच पानाची झेरॉक्स काढून निळ्या-करड्या दोन छटांत रात्र दाखवली आणि काळा रंग फक्त एका माणसाच्या पाठीवर ठेवला. नजर थेट त्या पाठीवर गेली. तेव्हापासून काळा कुठे भरायचा ते आम्ही दोघं मिळून ठरवतो.

काकांकडून मिळालं ते शब्दांत पकडणं जरा कठीण आहे. ते पाटी रंगवायच्या आधी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे. तिथून वाचता आली नाही तर अक्षर कितीही वळणदार असो, बदलायचं. माझं पान ते हातात घेतच नाहीत. भिंतीला टेकवून दाराबाहेर जातात आणि तिथून बघतात. लांबून बघितलं की बारकावे विरघळतात, नुसते काळ्या-पांढऱ्याचे आकार उरतात. ते आकार गोंधळले असतील तर जवळून पान कितीही सुबक दिसो, ते वाचताना दमवतं.

एकमेकांच्या कामावर टीका करता? भांडणं होतात?

होतात की. चहाच्या पैशांवरून जास्त होतात. कामापुरता एक नियम आहे. वाचणाऱ्यानं फक्त कुठे अडलं ते सांगायचं, कसं दुरुस्त करायचं ते सांगायचं नाही. मी टिकल्या टेबलावर मांडते आणि गप्प बसते. समोरचा मनातल्या मनात वाचतो. नजर मागे गेली, दोनदा वाचावं लागलं, तिथे पेन्सिलीनं ठिपका देतो. ठिपके कुठे पडले ते बघितलं की काम कळतं. तोंडी मत विचारलं तर माणसं एकतर भीड बाळगतात, नाहीतर हुशारी दाखवतात. ठिपक्याला दोन्ही जमत नाही.

आणि हे रफ असतानाच करायचं. शाई झालेल्या पानावर कोणी ठिपका दिला तर मन दुखतं आणि दुरुस्तीही टाळली जाते.

एकत्र बसून सगळ्यांची शैली सारखी होत नाही का?

पालकांना हा प्रश्न फार पडतो. उलट उदाहरणं कितीतरी आहेत. टोकियोत तोकिवासो नावाची एक साधी दुमजली लाकडी इमारत होती. १९५० च्या दशकात जपानी कॉमिकमधलं मोठं नाव, ओसामु तेझुका, तिथे राहिले आणि त्यांच्यामागून तरुण चित्रकारांची फळीच त्या छोट्या खोल्यांत आली. तुमची मुलं बघतात त्या डोरेमॉनचे निर्माते, फुजिको फुजिओ ही जोडी, त्यातलीच. शोतारो इशिनोमोरी, फुजिओ आकात्सुका हेही तिथलेच. सगळे तेझुकांना मानणारे, एकमेकांच्या डेडलाइनला हातभार लावणारे, आणि पुढे प्रत्येकाचं काम लांबून ओळखू येईल इतकं वेगळं. ती इमारत १९८२ मध्ये पाडली, २०२० मध्ये तिची प्रतिकृती उभारून संग्रहालय केलं. न्यूयॉर्कमध्येही १९७० च्या दशकात जेफ जोन्स, मायकल कालुटा, बॅरी विंडसर-स्मिथ आणि बर्नी राइटसन या चार चित्रकारांनी मिळून एक जागा घेतली होती. चौघांची चित्रं शेजारी ठेवली तर गल्लत होणार नाही.

नाक कसं काढायचं ते उचललं की नक्कल होते. कामाला कधी बसायचं, काय टाकून द्यायचं, कुठे थांबायचं, हे उचललं तर शैलीला धक्का लागत नाही. एकटं बसणाऱ्याची शैली शुद्ध राहते, हा मला तरी भ्रमच वाटतो. तोही कोणाची तरी नक्कल करतच असतो, फक्त ते सांगणारं शेजारी कोणी नसतं.

अक्षरं हातानं का? फाँट वापरायला काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही. मुक्त, बलू असे चांगले आणि फुकट मिळणारे देवनागरी फाँट आहेत, घाईच्या कामात मीही वापरते. पण इंग्रजी कॉमिकमध्ये बहुधा सगळी मोठी लिपी असते, त्यामुळे ओळ विटांसारखी सपाट बसते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, आणि खाली उकार. दोन ओळींत अंतर जास्त ठेवावं लागतं, फुगा मोठा होतो आणि चित्राची जागा खातो. 'राष्ट्र' किंवा 'उद्ध्वस्त' लहान आकारात छापलं तर जोडाक्षराच्या पोटात शाई भरते. काका ते ओळखून तेवढंच अक्षर जरा रुंद करतात, वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली मात्रा एकमेकांना चुकवतात. फाँट एवढा विचार करत नाही.

लहान अक्षरांना ते कट निब, म्हणजे टोक कापलेली निब, वापरतात आणि आवाजांना ब्रश. पाण्यात काही पडलं तर 'डुबुक्' लाटेबरोबर वाकवतात, पत्र्यावर दगड पडला तर 'ठण्ण' मधली शिरोरेषाच मोडतात.

कागद आणि शाई कुठली?

आकार ए-थ्री. कागद जाड आणि गुळगुळीत, साधारण २५० जीएसएम. ड्रॉइंग इंक कुठल्याही चांगल्या स्टेशनरीवाल्याकडे मिळते. निब आणि दोन-तीन नंबरचा गोल ब्रश. याहून महागाचं काही लागत नाही.

खरी अडचण आपल्या पावसाची आहे. जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पितो, शाई रेघेच्या बाहेर केसाळ पसरते आणि पान लाटेसारखं उठतं. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवते, लागेल तेवढाच काढते. हाताखाली दुसरा कागद घेते, घामाचा डाग पडला की तिथे शाई धरत नाही. आणि नेमकं दिवाळी अंकांचं काम याच महिन्यांत येतं, त्याला इलाज नाही.

आयपॅडवर का नाही काढत?

काढते. दुरुस्त्या आणि रंगांच्या चाचण्या तिथेच होतात. पण टिकल्या कागदावरच. स्क्रीनवर झूम करता येतं आणि झूम केलं की माणूस डोळ्याच्या पापण्या काढत बसतो.

चित्रांत ठाणं दिसतं का?

दिसतं, पण फोटोवरून नाही. मागे येऊरचे डोंगर, पुढे उंच टॉवर आणि मधे एखादी कौलारू चाळ, एवढ्यानं नौपाड्याकडचा माणूस ओळखतो. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ची, हे इथे पोरापोराला पाठ असतं, त्यामुळे स्टेशन चुकीचं काढलेलं कोणी खपवून घेत नाही. पत्र्याच्या छताला खांब कुठे येतो इथपर्यंत विचारणा होते.

जे.जे.लाच जायला हवं का?

जे.जे. ही मुंबईतली चित्रकला शिकवणारी १८५७ सालची संस्था आहे, तिथलं वातावरण वेगळंच. प्रवेश मिळाला तर जा. नाही मिळाला तर अडत नाही. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो, मुलं तो कसाबसा उरकतात. कॉमिकला सर्वांत उपयोगी तोच. बघितलेली गोष्ट न बघता काढायची सवय रोज केलीत तर निम्मं शिक्षण घरी होतं.

यात पैसे मिळतात का?

नुसत्या कॉमिकवर घर चालवणं कठीण. पाठ्यपुस्तकं, जाहिराती, कार्यशाळा असं मिळून जमतं. कागदपत्रांचं मात्र नीट ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढल्या क्षणी हक्क तयार होतो, नोंदणीची सक्ती नाही. तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात "कायमस्वरूपी" आणि "सर्व माध्यमांत" असे शब्द दिसले की पेन खाली ठेवा आणि रक्कम पुन्हा विचारा. पगारी नोकरीत काढलेल्या चित्रांचं गणित वेगळं, तिथे हक्क सहसा मालकाचा असतो.

काही सुचत नसेल तेव्हा?

दुसऱ्याच्या पानाच्या चौकटी आखून देते.

स्टुडिओ बघायला येऊ का?

या, पण आधी कळवून, आणि शक्यतो शुक्रवार सोडून. मुलांना आणणार असाल तर त्यांची वही आणा, मोबाइलमधले फोटो नकोत. काका दुपारी दोन ते चार झोपतात.

मूळ पानं विकता का?

काही विकते. अक्षरं ट्रेसिंग पेपरवर वेगळी असतात, त्यामुळे मूळ पानावर फुगे रिकामे दिसतील. त्यात वाक्य हवं असेल तर काका लिहून देतात. त्याचे पैसे ते वेगळे घेतात आणि शुद्धलेखन चुकलेलं असेल तर लिहायला नकार देतात.